झारा ज्याच्या टेबलावर

नवऱ्याच्या बाजूने व्यवहार फायद्याचा होता. मिळणार होती बायकोबरोबर दहा दिवसांची रजा, समुद्रकाठी, दोन वर्षं मागूनही न मिळालेली. जाणार होता फक्त त्याचा बॉट. पण तो बॉट त्याने स्वतः लिहिला होता, आणि माणूस एक वेळ रजा सोडेल, स्वतः लिहिलेलं त्याला सोडवत नाही.

दोघंही एकाच ऑफिसात डेव्हलपर. नाटकांची तिकिटं विकणारी साइट सांभाळायचे. तिथे नियम एकच: नवा कोड एका वेळी एकानेच चढवायचा. दोघांनी एकदम चढवला की साइट आडवी. आठ माणसं एका खोलीत बसायची, मान वर करून "मी चढवू का?" एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण इतक्या सोप्या मार्गाने काम झालं तर आपण इंजिनिअर कसले? म्हणून नवऱ्याने बॉट लिहिला. तो प्रोग्राम ऑफिसच्या चॅट ग्रुपवर आपोआप पाळी लावायचा, आठवण करायचा, आठवणीचीही आठवण करायचा. शेवटी सगळ्यांनी त्याला म्यूट केलं आणि साइट पूर्वीसारखीच आडवी होऊ लागली.

एका सोमवारी बायकोने घरून सासूबाईंचा झारा आणला, न विचारता. झारा ज्याच्या टेबलावर, त्यानेच कोड चढवायचा. नवरा म्हणाला, हे अश्मयुग आहे. बायको म्हणाली, अ‍ॅनालॉग आहे, आणि म्यूट करता येत नाही. कोडमधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टर बाईंनी, ज्यांना सगळे पाठीमागे चाळणी म्हणत, झारा हातात तोलून पाहिला आणि पसंतीची मान हलवली. मॅनेजरने रजेची अट तिथेच घातली: शुक्रवार संध्याकाळपर्यंत साइट पडली नाही तर बॉट बंद, झारा कायम, आणि दोघांनी खुशाल जावं. झाऱ्याशिवाय कोणी कोड चढवला तर रजा रद्द.

गुरुवारपर्यंत दृष्ट लागावी इतकं सुरळीत चाललं. झारा मागायला लोक उठून एकमेकांच्या टेबलापाशी जाऊ लागले, गेल्यावर चार शब्द बोलू लागले. गुरुवारी शेवटची पाळी नवऱ्याची. त्याने कोड चढवला आणि लॅपटॉपबरोबर झाराही बॅगेत कोंबून घरी नेला.

शुक्रवारी सकाळी तिकिटांच्या पानात चूक सापडली. बाराला विक्री उघडणार होती. दुरुस्ती तयार, झारा गायब. सगळ्यांच्या नजरा नवऱ्याकडे. त्याच्याकडे वाक्य तयार होतं: बॉट कधी घरी राहतो का? ते जिभेवर आलंही. समोर बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने वाक्य गिळलं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या घराकडे धूम ठोकली.

आई त्याच झाऱ्याने बटाट्याचे काप तळत होती.

"आई, दे लवकर. ऑफिस थांबलंय."

"थांबू दे. आठवडाभर मी चमच्याने तळतेय, कोणी विचारलं?" तिने एक काप उलटला. "आणि तुम्ही दोघं निघालात कुठे?"

"तुला कोण म्हणालं?"

"कोणीच नाही, तेच तर. पलंगाखालच्या बॅगा बाहेर आल्या, त्यावरून कळायचं मला. दिवसभर एकमेकांना मेसेज टाकता, मला मात्र निरोप नाही."

एरवी अशा प्रसंगी तो बायकोला मेसेज टाकून विचारतो. आज फोन खिशातच राहिला.

"समुद्रावर जातोय. रजा मिळाली तर. तूही चल."

आईने गॅस बंद केला. झारा धुऊन, पुसून त्याच्या हातात ठेवला, वर कापांचा डबा.

दुरुस्ती बाराच्या आत चढली. काप त्याच्याही आधी संपले. मग त्याने बायकोला जिन्यात गाठून तिसऱ्या माणसाची बातमी दिली, जमेल तितक्या हळू आवाजात. ती हसायलाच लागली.

"मेसेजवर कळवलं असतंस ना, तर भांडले असते," ती म्हणाली. "तुझं तोंड बघून भांडवत नाही."

हिशेब असा झाला. मॅनेजरला न पडलेली साइट मिळाली. बायकोला रजा मिळाली आणि वादही तिनेच जिंकला. आईला खिडकीची जागा आणि रोज पाण्यात पाय सोडून बसायची चैन मिळाली. नवऱ्याने बॉट स्वतःच्या हाताने बंद केला, खिडकी सोडली, तिघांच्या बॅगा उचलल्या. सगळा खर्च त्याच्या एकट्याच्या खात्यावर पडला, आणि फोटोत सगळ्यांत मोठ्याने हसतोय तोही तोच.