भरल्या हंड्याची चाल

सांगून सांगून तोंड झिजलेला मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. हिंगोली-वाशिम सडकेवर, कनेरगाव नाक्याच्या वळणावर उभा. मोटारीनं इथून किती वेगानं जावं, एवढंच माझ्यावर कोरलेलं. तेवढंही कुणाच्यानं वाचवत नाही.

एकोणीसशे अडतीस साली पाथरवट हरिचंदानं मला घडवलं. आकडा ठरवायला सडकेचे साहेब व्यंकटराव आले. सडकेच्या अलीकडे वस्ती, पलीकडे विहीर. साहेबांनी शिपायाला रिकाम्या हातानं सडक ओलांडायला लावली, किती वेळ लागतो ते घड्याळात बघितलं आणि त्या हिशेबानं माझ्यावर ताशी 'वीस मैल' कोरून घेतलं. शिपाई हरणासारखा गेला होता. विहिरीवरून रिकाम्या हातानं कोण येतं? पण दगडाला विचारतो कोण!

दोन उन्हाळे गेले. वस्तीतल्या गोजरबाईंची सून नीलाबाई, सात महिन्यांची गरोदर, डोक्यावर हंडा, वर कळशी घेऊन विहिरीवरून निघाली. तेवढ्यात वळणातून रूपसिंगची उतारू नेणारी सर्विस मोटार आली. बाईनं हंडा-कळशी टाकली अन् कडेच्या नालीत उडी घेतली. ती वाचली, पोटातलं वाचलं. हंड्याची मात्र भाकरी झाली.

तोच चपटा हंडा घेऊन गोजरबाई साहेबांच्या मुक्कामावर गेल्या. साहेब म्हणाले, रूपसिंग बराबर वीसनंच येत होता, त्याचा काही गुन्हा नाही.

"मंग तुमचा दगडच खोटं बोलून राहिला," गोजरबाई म्हणाल्या. "शिपाई रिकामा पळाला व्हता. आता भरला हंडा घेऊन तुमीच चला, साहेब."

साहेबही हट्टाचे. टोपी काढून त्यांनी डोक्यावर चुंबळ आणि त्यावर भरला हंडा ठेवला. रूपसिंगनं वीसनंच मोटार आणायची, ती वळणावर दिसली की गावच्या खेमा कोतवालानं हाक द्यायची, असं ठरलं. हाक आली तेव्हा साहेब सडकेच्या मधोमध. कोट ओला, मान ताठ, पाऊल उचलेना. रूपसिंग आधीपासून ब्रेकवर पाय ठेवून होता, म्हणून मोटार चार हातांवर थांबली.

"काहून थांबलात?" गोजरबाईंनी विचारलं. "पळा की."

साहेबांनी हंडा उतरवला आणि हरिचंदाला बोलावणं धाडलं. माझं तोंड घासलं गेलं, त्यावर 'आठ मैल' आलं.

आता अठ्ठेचाळीस साल सरत आलं. राज्य बदललं, मोटारी वाढल्या. नवे ड्रायव्हर मला हसतात, आठ मैल म्हणजे बैलगाडीच झाली म्हणतात. हसा बापड्यांनो. नीलाबाईची लेक आता कळशी घेऊन माझ्याजवळ थांबते, वळणाकडे कान देते.

मित्रांनो, उद्या मोटारीचं चाक तुमच्या हाती येईल. तेव्हा माझ्याशी हुज्जत घालू नका. आधी त्या कळशीवालीला सडक ओलांडू द्या.