पुठ्ठ्याचा आडोसा

दर रविवारी दुपारी माझ्या शिवणकामाच्या खोलीत, कापड बेतायच्या टेबलावर आम्ही खेळायला बसतो. दादा, वहिनी, शेजारचा चष्मेवाला आणि मी. ते तिघं आपापल्या कागदावर लिहिलेले तीन वीर होतात आणि मी उरलेलं सगळं जग: जंगलं, दरवाजे, हवामान आणि मुख्य म्हणजे राक्षस. वार लागला की हुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो; वीस पडला म्हणजे सगळ्यात जबर वार. माझा फासा मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचे. जग चालवायचं म्हणजे थोडी लपवाछपवी आलीच.

एका रविवारी खेळ संपल्यावर दादानं खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"आठ महिने मोजतोय," तो म्हणाला. "तुझ्या एकाही राक्षसाला वीस पडलेला नाही. एकदाही नाही."

दादा सुतार आहे. त्याच्यासमोर मापात चोरी करायला निघालेली मी, म्हणजे माझ्या अकलेचं कौतुकच! आठ महिन्यांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला होता. पाय सावरला, उजवा हात मागे राहिला. तेव्हापासून आडोशामागे वीस पडला की मी तोंडानं "सहा" म्हणत होते.

"घरी मला कोणी तांब्या उचलू देत नाही. कारखान्यात करवतीजवळ फिरकू देत नाहीत. हे एकच टेबल होतं, जिथे वाटायचं की मी माझ्या बळावर जिंकतोय." त्यानं कागद परत खिशात ठेवला. "पुढच्या रविवारी पण असंच करणार असशील, तर मी यायचा बंद."

दादा चिडला की घर डोक्यावर घेतो. त्या दिवशी आवाज चढला नाही, म्हणून मी घाबरले. रविवार सोडला तर हल्ली तो कुठेच जात नव्हता. हेही सुटलं असतं, तर खिडकीजवळची खुर्ची तेवढी उरली असती.

आठवडाभर मी राक्षस बेतत होते. आधी तीन डोकी दिली, मग आग, मग विषारी शेपूट. कागदावर झोकात दिसत होता. पण असले डझनभर राक्षस मी आधीही केले होते आणि एकही कोणाला आठवत नव्हता. आठवणार कसा? त्यांना काही हवंच नसायचं. बापडे यायचे, मार खायचे, मरायचे.

गुरुवारी एका पॅंटची चेन बदलताना सुचलं, की राक्षसाला काहीतरी हवं असलं पाहिजे आणि ते दादाच्या वीराकडे असलं पाहिजे. मग डोकी, आग, शेपूट सगळं खोडलं. उरला एक अरुंद पूल आणि त्यावर हात गोळा करणारा राक्षस. त्याला वीस पडला, की समोरच्याचा तलवारीचा हात गेला. मागची वाट मात्र मोकळी ठेवली. पळता येत असूनही जो थांबतो, त्याचीच लढाई लक्षात राहते.

लिहून झाल्याबरोबर वहिनीला फोन करून सगळं सांगितलं.

"फार होतंय का गं?"

"होतंय," वहिनी म्हणाली. "पण घरात घाबरायचं काम सगळं आम्हीच करतो. त्याचा नंबरच लागत नाही. घाबरू दे त्याला."

रविवारी मी आडोसा काढून इस्त्रीच्या टेबलामागे टाकला. टेबलावर खडूनं पूल आखून कोटाचं मोठं काळं बटण त्यावर ठेवलं, तो राक्षस. चष्मेवाल्याचा वीर दुसऱ्याच फेरीत "बायको वाट बघत असेल" म्हणून मागे पळाला. वहिनीची धनुर्धारी जखमी होऊन पुलावर पडली. आता दादा पळाला तर ती गेली.

"मी थांबतो," दादा म्हणाला.

मी फासा टाकला. वीस. माझ्या जिभेवर "सहा" तयार होता, मेला! पण फासा चौघांच्या मधोमध होता.

"वीस," मी म्हणाले. "हात गेला."

दादानं फाशावरचा आकडा स्वतः बघून घेतला. "डाव्यानं वार केला तर?"

"फाशातून पाच वजा."

इतके महिने तो फासा डाव्या हातानं टाकायचा. आज उजव्यात घेतला. तो बोटांतून निसटला आणि टेबलाखाली गेला. चष्मेवाला उठू लागला, तर वहिनीनं त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. दादा एकटाच वाकला. त्याला वेळ लागला. खाली चिंध्यांच्या ढिगात कोणाला काही दिसत नव्हतं. तिथून तो काहीही सांगू शकला असता.

"चार," खालून आवाज आला.

वार हुकला, पण तेवढ्या वेळात धनुर्धारी सरपटत पलीकडे पोचली. दादानं तीन वर्षं खेळवलेला वीर पुलावरच मेला. दादानं चपला घातल्या आणि तो निघून गेला. मी आडोसा फाडून टाकला आणि रडले.

पुढच्या रविवारी तो आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं तर लाकडी ट्रे, फासा टेबलाखाली जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी कडा लावलेला.

"करवत मीच धरली," तो म्हणाला.

चष्मेवाला "वा, वा!" करत सुटला. मी कडेवरून बोट फिरवलं.

"डावी कड दोन सूत वर आलीय," मी म्हणाले.

वहिनीनं माझ्याकडे डोळे वटारले.

"तीन," दादा म्हणाला, आणि नवा वीर लिहायला त्यानं माझ्याकडे कोरा कागद मागितला.