दोन बोटांचं अंतर

मी एक जुना मिट आहे. नाव ऐकून गोंधळू नका, मित्रांनो. बॉक्सिंग शिकवणारा माणूस दोन्ही हातांत चामड्याची जाड, चपटी गादी चढवतो आणि शिकणारा तिच्यावर ठोसे मारतो. ती गादी म्हणजे मी. आम्ही दोघे भाऊ. डाव्या हातातला माझा भाऊ स्वभावाने शांत आहे, कारण त्याच्या वाट्याला हलके ठोसे आले. मी उजव्या हातातला. माझ्या वाट्याला समोरच्याचे उजवे ठोसे आले, आणि त्यातही सहा वर्षं मिनोरी नावाच्या एका मुलीचे. म्हणून बोलायचं आहे ते मला.

माझं चामडं जपानातल्या हिमेजीचं. तिथे नदीकाठच्या एका म्हातारीने मला शिवलं. तिला चष्म्यातूनही धड दिसत नव्हतं, पण टाका कुठे पडला ते तिच्या बोटांना कळायचं. "ह्याला जन्मभर मारच खायचाय," ती सुनेला म्हणाली, "दोरा दुहेरी घे." माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द.

मला विकत घेतलं कुसाकाबेने. अमागासाकीच्या बाजारपेठेत भाजीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बान्दो जिम आहे, तिथला तो म्हातारा शिकवणारा. स्वतः दहा लढती लढला आणि त्यांतल्या सात हरला. पण मिट धरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची एक खुबी होती. ठोसा येऊन आदळायच्या नेमक्या क्षणी तो मला दोन बोटं पुढे सरकवायचा. ठोसा आणि मी मधेच भेटायचो आणि असा आवाज निघायचा, फट्टाक, की खाली भाजीवाली ओरडायची, "आला वाटतं कुसाकाबे! माझे मुळे घरंगळले बघ!"

नवशिक्याला वाटायचं, हा आवाज आपल्या ठोशाचा. त्याचा चेहरा खुलायचा आणि दुसऱ्या दिवशी तो धावत यायचा. दुसऱ्या जिमचे लोकही कुसाकाबेला ही खुबी विचारायला येत. मी तर फुगून गेलो होतो. वाटायचं, एवढ्या माणसांना खूश करणारा मिट साऱ्या जपानात दुसरा नसेल.

मिनोरी आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सकाळी ती कामाबोकोच्या, म्हणजे माशाच्या वड्यांच्या कारखान्यात काम करायची आणि दुपारी इथे यायची. हाताला वास असायचाच. पोरं म्हणायची, "मिनोरी, मांजरं मागे लागतील गं."

"लागू देत," ती म्हणायची. "निदान ती तरी पळताना दमणार नाहीत. तुम्ही धावायला निघालात की दुसऱ्या पुलावरच बसता."

पहिल्याच दिवशी कुसाकाबेने मला पुढे धरलं आणि तिने उजवा मारला. आवाज असा झाला की अध्यक्ष खुर्चीतून उठून आले. अध्यक्ष म्हणजे जिमचे मालक बान्दो. माझ्या आतल्या कुसाकाबेच्या तळहाताला घाम फुटला होता. मला तेव्हाच कळलं की म्हाताऱ्याचं मन हिच्यावर बसलं.

आमच्या जिमच्या भिंतीवर लाकडी पाट्या टांगलेल्या असतात. प्रत्येक बॉक्सरच्या नावाची एक. जो जिंकतो त्याची पाटी वर सरकते. चौथ्या वर्षी मिनोरीची पाटी सगळ्यांत वरच्या खिळ्यावर गेली. ती कुसाकाबेने स्वतः शिडीवर चढून लावली आणि उतरताना घसरून आपटला. आठवडाभर लंगडत होता, पण मिट धरायचं काही सोडलं नाही.

तिच्या त्यानंतरच्या तीन लढतींबद्दल सांगायलाच हवं. नागोयाची मुलगी बैलासारखी अंगावर आली आणि दुसऱ्या फेरीत मिनोरीच्या उजव्यावर आपणहून येऊन पडली. फुकुओकाची बाई अनुभवी, पण एका जागी उभी राहून लढणारी. तिला मिनोरीने गुणांवर हरवलं. तिसरी हिरोशिमाची. ती मात्र सारखी मागे सरायची. त्या दिवशी मिनोरीचा उजवा एकदासुद्धा धड लागला नाही. सगळे ठोसे त्या मुलीच्या नाकासमोर येऊन थांबायचे. मिनोरी एका गुणाने, नशिबानेच जिंकली.

"पळपुटी होती ती," परत आल्यावर कुसाकाबे म्हणाला. मीही मनात तेच म्हटलं.

मग महिन्याची क्रमवारी आली. मिनोरी चौथी. अध्यक्षांनी कागद भिंतीला चिकटवला आणि सगळे खाली जमिनीवर बसून वाद घालू लागले.

"आता कोबेची सेरीझावा," अध्यक्ष म्हणाले. "दुसऱ्या नंबरवर आहे. तिला पाडलं की थेट पट्ट्यासाठी लढत. जपानचा पट्टा, कुसा! आपल्या जिमला कधी मिळालाय?"

"सेरीझावा नको इतक्यात," कुसाकाबे म्हणाला. "ती कंबरेतून मागे झुकते. आधी सेंदाईची ती तिसऱ्या नंबरची घ्या. दोन लढती जाऊ देत, मग बघू."

"दोन लढती म्हणजे वर्ष गेलं. तोवर माझे राहिलेले चार केस पण जातील."

मिनोरी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "कुसाकाबे-सान, माझा उजवा का पोचत नाही?"

"कोण म्हणतं पोचत नाही? रोज ऐकतेस ना आवाज?"

"इथे ऐकते. रिंगमध्ये नाही ऐकू येत."

"अगं पोरी, ती पळत होती म्हणून. चल, ऊठ." त्याने आम्हाला हातांत चढवलं. मी दोन बोटं पुढे गेलो. फट्टाक. "बघ," तो म्हणाला. "पोचला की नाही?"

मिनोरीने हात खाली घेतला. ती माझ्याकडे बघत होती. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय.

दहा दिवसांनी कुसाकाबे जिममध्ये आला तेव्हा वरचा खिळा रिकामा होता. बाकावर कामाबोकोचा एक खोका होता. वर ना चिठ्ठी, ना नाव. एक जिम सोडून दुसरीत जायचं तर पहिल्या अध्यक्षांची सही लागते. म्हणजे अध्यक्षांना ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वीच सही झाली होती आणि चारही दिवस ते कुसाकाबेच्या शेजारी बसून नूडल्स खात होते.

"ओसाकाच्या मोठ्या जिममध्ये गेली," अध्यक्ष खाली बघत म्हणाले. "तिचं भलं होईल म्हणून मी... कुसा, ती म्हणाली, तुम्ही त्यांना सांगू नका. मी तरी काय करणार?"

कुसाकाबेने विचारलं, "काही बोलली का माझ्याबद्दल?"

"नाही."

त्या एका शब्दाने म्हातारा खचला. खरं सांगतो मित्रांनो, मीही खचलो. सहा वर्षं तिचा मार मी खाल्ला. तिच्या ठोशांनी माझा मधला भाग काळा पडला, खळगा झाला, दुहेरी दोरा दोनदा तुटला. आणि जाताना तिने साधा हातही लावला नाही. ह्याला दगा नाही तर काय म्हणायचं? कुसाकाबेने आम्हाला दोघांना खिळ्याला टांगलं. तो रिकामा झालेला वरचाच खिळा होता. कामाबोकोचा खोका त्याने उघडलाही नाही. शेवटी वास यायला लागला तेव्हा भाजीवालीने तो उचलून नेला.

दोन महिन्यांनी बातमी आली की मिनोरी आणि सेरीझावाची लढत ठरली. त्याच आठवड्यात कोबेहून एक माणूस आला. नाव उएमात्सु. लढतीच्या वेळी सेरीझावाच्या कोपऱ्यात उभा राहून तिला सूचना देणारा. हातात मिठाईचा रेशमी कापडात बांधलेला खोका. अध्यक्ष तेव्हा बाहेर होते.

"कुसाकाबे-सान, तुमच्याइतकं त्या मुलीला कोण ओळखतं?" तो वाकून म्हणाला. "आणि तिने तुमच्याशी असं वागावं? कोबेतसुद्धा सगळे हळहळले हो."

"हळहळायला आलात?"

"छे, छे. सहज. म्हातारपणी माणसाने मन मोकळं करावं."

मी खिळ्यावरून बघत होतो. कुसाकाबेने मिठाईचा खोका बाजूला सरकवला. मग त्याने वर, आमच्या खिळ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा कडवट झाला.

"तिचा उजवा दोन बोटं कमी पडतो," तो म्हणाला. "पाय हलवू नका. फक्त कंबरेतून मागे झुका. ठोसा नाकापुढे येऊन थांबेल. तेव्हा ती मोकळी असते. तेव्हा मारा."

उएमात्सु तीनदा वाकला. मला तेव्हा बरं वाटलं, हे लपवणार नाही. मनात म्हटलं, आता कळेल तिला.

लढतीच्या संध्याकाळी जिममध्ये दूरदर्शन संचासमोर गर्दी होती. कुसाकाबे मागे भिंतीला टेकून उभा. सेरीझावा पहिल्या फेरीपासून कंबरेतून झुकत होती. अगदी त्याने सांगितलं तेवढीच. मिनोरी डावा मारत राहिली. उजवा तिने जवळजवळ वापरलाच नाही. पाचव्या फेरीत तो सुटला. सेरीझावा आरामात मागे झुकली, डोळेसुद्धा मिटले नाहीत तिने. आणि ठोसा थांबला नाही. दोन बोटं आणखी पुढे गेला. सेरीझावा बसल्यासारखी खाली गेली आणि पंचांनी दहा मोजले तरी उठली नाही.

जिममध्ये आरडाओरडा झाला. पाटी नसली म्हणून काय झालं, मुलगी आमचीच होती. मग कोणीतरी तिच्यापुढे माईक धरला आणि विचारलं, ओसाकात असं काय शिकलात?

मिनोरी धापा टाकत हसली. "काही नाही. आधी माझा मिट मला भेटायला यायचा. आता तो जागचा हलत नाही, मलाच जावं लागतं."

लोक हसले. अध्यक्षही हसले. फक्त कुसाकाबे हसला नाही. त्याने आपला उजवा हात वर केला, हवेतच दोन बोटं पुढे सरकवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. मला तिथेच, टांगल्या जागी, सगळं कळलं. तिचा हात कधीच आखूड नव्हता. उरलेलं अंतर रोज मी कापत होतो आणि वर शाबासकी घेत होतो. तिने विचारलं तेव्हासुद्धा आम्ही दोघे तिच्याशी खोटं बोललो. दगा आधी कोणी दिला, मित्रांनो?

दुसऱ्या दिवशी उएमात्सुचा फोन आला. तो अध्यक्षांनी उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "तुमच्या म्हाताऱ्याने फसवलं आम्हाला! कमी पडतो म्हणे! आमच्या पोरीचं नाक मोडलं!"

अध्यक्षांनी फोन ठेवला आणि पोट धरून हसले. "कुसा, अरे लबाडा! कोबेवाल्यांना गंडवलंस? तेही तिच्यासाठी? आणि आम्हाला वाटलं, तू रुसलास!"

कुसाकाबे मान खाली घालून जमीन पुसायला लागला. बाजारभर गोष्ट पसरली. भाजीवालीने त्याला कांद्याच्या पातीची जुडी फुकट दिली. चार दिवस तो हे कौतुक गप्प राहून घेत होता. अंगी ते लागत नव्हतं, तरी घेत होता.

पाचव्या दिवशी दुपारी मिनोरी आली. डोळ्याखाली निळं, हातात कामाबोकोचा खोका. ती दारातच गुडघ्यांवर बसली आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

"मी न सांगता गेले. तुमचा मिट पुढे येतो हे तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती माझी. वाटलं, तुमचं मन मोडेल. आणि तुम्ही माझ्यासाठी त्यांना चकवलंत." ती रडत होती. "मला अध्यक्षांनी सांगितलं."

बघा मित्रांनो, ठोसा येत होता. गोड, सरळ, त्याला हवा होता तसा. नुसतं गप्प राहायचं होतं. दोन बोटं पुढे जायचं, आणि फट्टाक. सगळं पूर्वीसारखं.

कुसाकाबे म्हणाला, "नाही."

"काय नाही?"

"चकवलं नाही. मला जे खरं वाटत होतं तेच मी त्यांना सांगितलं. तू पडावीस म्हणून सांगितलं."

अध्यक्षांच्या हातातला चहा तसाच राहिला. मिनोरी हळूहळू उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. खिळ्यावर टांगलं त्या दिवशी माझ्या मनात तेच होतं.

"मिट धरा," ती म्हणाली.

त्याने आम्हाला काढलं आणि चढवलं. तिने पिशवीतून ग्लव्हज काढून घातले. त्याने मला तिच्यापुढे धरलं. त्याचा हात पुढे आला नाही. ती एक पाऊल आत आली आणि मारलं. आवाज झाला तो नुसता थप्. खाली भाजीवालीला ऐकूही गेला नसेल. पण कुसाकाबे तीन पावलं मागे जाऊन भिंतीवर आदळला.

"पोचला," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," मिनोरी म्हणाली. तिने ग्लव्हज काढले, पिशवी उचलली आणि कामाबोकोचा खोकाही उचलला. जाताना तो खाली भाजीवालीला देऊन गेली.

पुढच्या महिन्यात तिची पट्ट्याची लढत आहे. कुसाकाबेने शेवटच्या रांगेतलं तिकीट काढलंय आणि ती वळून बघणार नाही हे त्याला ठाऊक आहे. वरच्या खिळ्यावर आता काहीच टांगत नाहीत. आम्हाला त्याने पुन्हा कामाला लावलंय, पण हात हलवत नाही. पोरं कुरकुरतात की म्हाताऱ्याचा मिट बसला, आवाजच येत नाही. दोघे जण तर जिम सोडून गेले.

माझी शिवण आता उसवत चालली आहे. मला तेल लावा, उन्हात टाकू नका, घाम पुसून ठेवा, एवढं तर कोणताही जुना मिट मागेल. मी आणखी एक मागतो. कधी तुमच्या हातात मिट आला आणि समोर तुमचं लाडकं माणूस असलं, तर हात जागचा हलवू नका. त्याचा ठोसा कमी पडू दे, त्याला तुमचा राग येऊ दे. तो "का पोचत नाही?" असं विचारेल, तेव्हा खरं काय ते सांगा. आम्हाला तिने विचारलं होतं.