वतफाच्या दारी आलेली जाहा

तुमादिरच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की करक गावाच्या डोंगरावरचा वाराही मुकाट ऐकत असेल, असं मुलींच्या त्या सरकारी शाळेत सगळे म्हणत. म्हणूनच अकरावीतल्या या पोरीला विद्यार्थिनी संसदेच्या निवडणुकीत पोत्यानं मतं पडली. समोर उभी राहिलेली जुमाना सपाटून आपटली, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या.

संसदेचं काम मिस रबाबकडे. पोरींमधून पुढारी कसे घडवावेत यावर बाईंनी अम्मानला जाऊन चांगली तीन शिबिरं केलेली. नेत्याचे दहा गुण रंगीत कागदावर लिहून त्यांनी व्हरांड्यात टांगले होते, आणि त्यातले नऊ तुमादिरकडे आहेत असं त्या मुख्याध्यापिकांना छातीठोकपणे सांगत. दहावा गुण ऐकून घेण्याचा. तो काय, वयानुसार येईल, असं त्यांचं मत.

कसला येतोय! एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी दहावीतली वतफा माईकवर सुविचार वाचायला उभी राहिली. वतफा बोलताना अडखळते. तिला त्या माईकपर्यंत आणायला रबाबला अख्खी एक सहामाही लागली होती. मधल्याच एका शब्दावर पोरगी अडली. एकदा, दोनदा, पाचदा. समोर चारशे मुली रांगेत उभ्या, थंडीनं कुडकुडत. शेजारी उभ्या असलेल्या तुमादिरनं सरळ तिच्या हातातून माईक काढून घेतला, वाक्य स्वतः पुरं केलं आणि वर म्हणाली, ज्यांना जमत नाही त्यांनी सगळ्यांना थंडीत ताटकळत ठेवू नये. रांगांमधून हसू फुटलं. वतफानं दप्तर उचललं, ती फाटकाबाहेर गेली ती परत आलीच नाही.

बारा दिवस झाले. आणखी दोन दिवस गैरहजर राहिली की नियमाप्रमाणे तिचं वर्ष जाणार होतं. आणि एकदा वर्ष गेलं की ही मुलगी पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही, हे रबाबला पक्कं ठाऊक होतं. वतफाचे वडील सैन्यात, दूर सरहद्दीवर. आई उम्म दैफल्ला निरोप घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला शांतपणे सांगायची, माझी मुलगी घरी आहे, सुखात आहे.

रबाबनं तुमादिरची चांगलीच खरडपट्टी काढली. पोरगी मनानं वाईट नव्हती, तिला लागलं ते. त्याच दुपारी ती एकटीच माफी मागायला वतफाच्या घरी गेली, आणि परत आली तेव्हा तोंड पांढरंफटक. चढ चढून बोटं गोठली होती, उम्म दैफल्लानं वेलदोड्याची कडक कॉफी पुढ्यात ठेवली आणि या बाईसाहेबांनी ती एका घोटात पिऊन टाकली. मग माफीसाठी तोंड उघडलं, तर उम्म दैफल्ला गोड आवाजात म्हणाली, पाहुणी आलीस, कॉफी प्यायलीस, अल्ला तुझं भलं करो, आणि दारापर्यंत पोचवायला उठली.

करकमध्ये पाळण्यातल्या पोरालाही हे कळतं. खुनाची माफी असो की मुलीचा हात, मागायला आलेला माणूस कॉफी समोर ठेवून घेतो आणि यजमान 'दिलं' म्हणेपर्यंत ओठाला लावत नाही. जो प्यायला, त्याचं मागणं तिथेच संपलं. आणि तुमादिर कुणाची नात? ज्यांना जाहा घेऊन जायला गावोगावचे लोक बोलवायला येतात, त्या म्हाताऱ्याची. जाहा म्हणजे चारचौघांनी मान खाली घालून दुसऱ्याच्या दारी मागायला जाणं.

शाळेत ही बातमी लपते होय! दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा बेतानं जुमाना म्हणाली, "आजोबा मुलखाचे तंटे मिटवतात, आणि नात नुसती कॉफी ढोसून येते."

आता झिंज्या उपटल्या जाणार म्हणून रबाब धावली. पण तुमादिर जुमानासमोर जाऊन नुसती उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "खरंय तुझं. म्हणून जाहा घेऊन जायचीय. माझ्या वतीनं तू बोलशील?"

जुमानानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही कुणी भलतीच मुलगी आहे.

त्याच दुपारी संसदेच्या मुली आणि जुमाना मिळून एकोणीस जणी फाटकाशी जमल्या. रबाबनं ठेवणीतला कोट घातला होता. मोठ्या माणसाशिवाय जाहा कसली, आपणच बोलायचं असणार, असं धरून बाईंनी मनातल्या मनात भाषणही जुळवलं होतं. तुमादिरनं त्यांना बाजूला घेतलं. "मिस, तुम्ही या, पण मागं बसा. तुम्ही बोललात तर ते शाळेचं फर्मान होईल. त्यांना नाही म्हणता आलं पाहिजे."

तीन शिबिरांत हे रबाबला कुणी सांगितलं नव्हतं. ती निमूटपणे रांगेच्या शेवटी गेली.

दारात एवढ्या पोरी पाहून उम्म दैफल्ला आधी दचकली. जाहा पुरुषांची असते, पोरींची जाहा तिनं काय, तिच्या आजीनंही पाहिली नसेल. पण त्या खाली बघत ज्या रीतीनं उभ्या होत्या, त्यावरून तिनं ओळखलं आणि काही न विचारता आत घेतलं. भिंतीकडेच्या गाद्यांवर सगळ्या दाटीवाटीनं बसल्या. जुमानाच्या हाती कॉफीचा कप आला. तिनं तो समोर जमिनीवर ठेवला.

"खाला, या घराचा मान आमच्याकडून मोडला," जुमाना म्हणाली. "जिनं मोडला ती ही बसलीय. ती बोलणार नाही, बोलूनच तर तिनं मोडला. वतफा उद्या शाळेत यावी एवढं मागायला आलोय. तुम्ही नाही म्हणालात तर कप इथेच राहील आणि आम्ही मुकाट्यानं जाऊ."

उम्म दैफल्लानं कपाकडे पाहिलं, मग तुमादिरकडे. तुमादिरची मान खाली होती आणि कान लालबुंद.

"मान माझा नाही मोडला," ती म्हणाली. "जिचा मोडला तिला विचारा." आणि तिनं आतल्या खोलीकडे हाक मारली.

वतफा उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. तिनं तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षरावर अडली. मानेची शीर ताठ झाली, ओठ हलत राहिले, आवाज फुटेना. तिला काय म्हणायचंय ते रबाबला कळलं होतं. शब्द बाईंच्या अगदी जिभेवर आला, वीस वर्षांची शिकवायची सवय ती. त्यांनी ओठ घट्ट मिटले. आणि मग त्यांनी मुलींकडे पाहिलं.

एकही हलत नव्हती. कुणी खाली बघत नव्हतं, कुणी कीव करत नव्हतं, कुणी ओठांनी शब्द सुचवत नव्हतं. एरवी दोन मिनिटं गप्प बसायला जीव जाणाऱ्या एकोणीस पोरी वतफाकडे अशा पाहत होत्या, जणू तिनं हवा तेवढा वेळ घ्यावा म्हणूनच त्या आल्या होत्या. तुमादिरनंही आता मान वर केली होती. तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले होते. कप निवला. हे आपण शिकवलेलं नाही, हे रबाबला स्वच्छ कळत होतं, आणि एवढं मोठं काही आपल्या शाळेत तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"जु… जु… जुमाना," वतफा शेवटी म्हणाली. "क… कॉफी पी."

जुमानानं थंडगार कप उचलला आणि रिकामा करून खाली ठेवला. गाद्यांवरून सुटकेचा श्वास फिरला. पण वतफाचं संपलं नव्हतं. ती तुमादिरकडे वळली.

"उद्या मी प… परत वाचणार. अख्खं. था… थांबशील?"

तुमादिरनं जुमानाकडे पाहिलं. जुमाना म्हणाली, "बोल आता."

तुमादिरनं तोंड उघडलं. पण शब्द काही येईना. वतफा उंबऱ्यावरून आत आली, तिच्यासमोर गादीवर बसली आणि तिला बोलता येईपर्यंत थांबली.