विमलमावशींच्या तोंडातली काडी

अगं मेघा, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. आमच्या मेडिकलमध्ये बीपीच्या गोळ्या न्यायला साजगावच्या विमलमावशी येतात ना? त्याच गं, चौदा एप्रिलच्या जयंतीला गाणाऱ्या! कारखान्यात पॅकिंगला आहेत, पण गावात बारसं असो, लग्न असो, माइक त्यांच्याच हातात. तर गुरुवारी चिठ्ठी घेऊन आल्या. बघते तर डॉक्टरांनी डोस परत वाढवलेला. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा!

मला राहवेना. म्हटलं, "मावशी, गोळी चुकवता का?"

"मी चुकवीन? ही बघ." पिशवीतून पट्ट्याच काढल्या. सगळ्या रिकाम्या.

"मग पापड, लोणचं?"

"नवऱ्याला इचार. आळणी खाऊन वैतागलाय."

"दुखण्यावरची गोळी?"

"नाय गं बाय! तू मेडिकलवाली का पोलीस?"

आणि बोलताना त्यांच्या गालात काहीतरी इकडून तिकडे सरकत होतं बघ. विचारलं, तोंडात काय आहे?

"ज्येष्ठमधाची काडी. थंडीत घसा बसला तवापासून ठेवते, दिसभर. झाडाचं मूळ हाय, त्यानं काय व्हतंय?"

अगं, माझ्या डोक्यात एकदम पेटलं! डी. फार्मला शिकलेलो ना, ज्येष्ठमध रोज खूप पोटात गेलं की बीपी चढतं, अंगात पाणी साठतं. म्हणजे गोळी बीपी खाली ओढतेय आणि काडी वर! मी काउंटरबाहेर आले, त्यांच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना.

डॉक्टरांना लावायला फोन उचलला, तर मावशींनी मनगट धरलं.

"चार दिस थांब. जयंती व्हऊ दे, मग सांग."

"मावशी, लकवा मारला तर?"

"आन् आवाज बसला तर? बत्तीस वर्षं पयलं गाणं माझं हाय. कारखान्यात मला नंबरानं वळखतात गं. जयंतीला नाव पुकारतात."

मी फोन केला. डॉक्टर म्हणाले, वाढवलेली गोळी देऊ नकोस, काडी आजच बंद, आणि रक्त तपासायला आत्ता पाठव. मावशी पिशवी उचलून निघाल्या.

चौदा एप्रिलला मी मुद्दाम गेले. नाव पुकारलं. पांढरी साडी नेसलेल्या मावशी उठल्या. पहिली ओळ नीट गेली. दुसरीला वर चढताना आवाज फाटला. परत धरली, परत फाटला. मग त्यांनी माइक सुनेच्या हातात दिला आणि मागे कोरसच्या बायकांत जाऊन बसल्या. गाणं संपेपर्यंत टाळ्यांवर ताल धरला, एकदाही चुकल्या नाहीत. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

डॉक्टर म्हणतात, बीपी उतरतंय. बरोबरच केलं मी, माहितीये मला. पण खरं सांग मेघा, त्यांनी तुझं मनगट धरलं असतं, तर तू काय केलं असतंस?