कंसातली जयवंता

शहाऐंशी साली आमच्या शाळेत दोन कॉम्प्युटर आले आणि महिन्याभरात अख्ख्या दहावीत ते फक्त माझंच ऐकायला लागले. निदान मी तरी सगळ्यांना तसं सांगत सुटले होते.

त्याच दिवसांत आमच्या वस्तीच्या विहारानं स्मरणिका काढायचं ठरवलं. धम्मदीक्षेला तीस वर्षं होत होती. छप्पन साली वस्तीतल्या ज्यांनी ज्यांनी दीक्षा घेतली, त्या सगळ्यांची नावं छापायची होती. समितीचे गोपाळराव घरोघर फिरून वह्या भरून आणत. वह्यांत नावं थोडी, गोष्टीच जास्त.

"यातून नावं निवडन कोण?" त्यांनी डोक्याला हात लावला.

"कॉम्प्युटर!" मी म्हटलं.

वह्यांतला सगळा मजकूर मी इंग्रजी अक्षरांत टाइप केला. प्रत्येक नावाच्या आधी उघडणारी एक टोकदार खूण दिली, नाव संपलं की बंद करणारी दुसरी. एकेक अक्षर वाचणारा एक तयार तुकडा कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांनी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहून ठेवला होता, तो माझ्या प्रोग्रॅमला जोडला. खूण उघडली की अक्षरं गोळा कर, खूण बंद झाली की नाव कागदावर उतरव. गाव, वय, धंदा हे मी गोल कंसात टाकलं आणि प्रोग्रॅमला बजावलं, कंसातलं सोडून दे.

"एकदा वेडावाकडा मजकूर देऊन बघ," सर म्हणाले. मी दहा सरळ नावं दिली. दहाही आली. झालं की!

मागच्या गल्लीतले धोंडबाकाका मुद्दाम घरी आले. मिलमधून रिटायर झालेले, अंगठा उठवणारे. "उत्तरा, माह्या नावासोबत माह्या जयवंताचं नाव पाहिजे वं."

जयवंता त्यांची मुलगी. तीन वर्षांची. कुही गावाहून ते दीक्षेला पायी आले तेव्हा ती त्यांच्या खांद्यावर होती. त्याच हिवाळ्यात तापानं गेली. फोटो नाही, शाळा नाही, कुठल्या रजिस्टरात नोंद नाही.

"तिचं नाव मले ठावं, तिच्या मायले, प्रयागले ठावं. आम्ही गेलो की ती झालीच नव्हती, असं होईन. एकडाव छापून आलं पाहिजे."

"वेगळ्या ओळीत घेऊ का, काका?"

"नको माय. तिले गर्दीचं भेव वाटे. माह्याजवळच ठेव."

म्हणून मी त्यांच्याच नावापुढच्या कंसात लिहिलं, खांद्यावर मुलगी जयवंता, आणि तिच्या नावाच्या दोन्ही बाजूंना खूण दिली. खूण आहे म्हणजे नाव येणारच.

"पक्कं, काका! छापून आलंच समजा."

यादी इंग्रजी अक्षरांत निघाली; मराठीत ती छापखानाच जुळवणार होता. छापखान्यात द्यायच्या आधी गोपाळराव म्हणाले, "वहीशी ताडून पाहू का वं एकदा?"

"माणसानंच तपासायचं, तर मशीन कशाले?" मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच पाचशे प्रती वाटल्या गेल्या. मी एक उचलली आणि न उघडताच धोंडबाकाकांकडे पळाले. त्यांची बायको, प्रयागबाई, दारातच होती.

"आली वं आली! म्हातारा आठ दिवसांपासून पाटी घेऊन बसला हाय. चारच अक्षरं गिरवून राहिला. म्हणे, पोरीचं नाव मी सोता वाचीन."

काकांनी हात धुतले, धोतराला पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं. मी यादीचं पान काढून दिलं. त्यांचं नाव मला लगेच दिसलं. त्याच्यापुढे कोरा कागद. खाली दुसऱ्याचं नाव.

कंसातलं सोडून दे. मीच सांगितलं होतं. प्रोग्रॅमनं कंसाच्या आत डोकावूनसुद्धा पाहिलं नव्हतं. माझी खूण आतच राहिली, आणि ती पोरगीही.

काकांचं बोट पहिल्या ओळीपासून निघालं. ओठ हलत होते. कुठं ज आला की थांबायचं, पुढचं अक्षर चाचपायचं, मग खाली.

"सावकाश जा ना," प्रयागबाई म्हणाली, "पोरगी पळून चालली का?"

चार पानं संपली. त्यांनी पुन्हा पहिलं पान काढलं. दुसऱ्यांदाही पानं संपली. काकांनी चष्मा काढला, पाटीकडे पाहिलं.

"मीच अक्षर चुकून राहिलो वाटते, माय. तुनं तं बराबरच छापलं असन. दाखव." आणि त्यांनी बोट माझ्यापुढे धरलं, मी ते नावावर नेऊन ठेवावं म्हणून.

"काका, तुम्ही बरोबर वाचलं. ती त्यात नाहीच. माझ्यामुळं राहिली."

बोट तसंच राहिलं. प्रयागबाई उठून आत गेली.

"म्हंजे मले वाचता येते," काका म्हणाले. कुणाला, कोण जाणे.

"मी पेनानं लिहून देते. घरोघर जाते, सगळ्यांच्या पुस्तकात लिहिते," मी रडत म्हणाले.

त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"हातानं तं मी बी लिहितो वं आता."