ठिणगी उडालीच नव्हती

मित्रांनो, माझ्या टोकावर पितळेचा एक इवलासा कोंबडा बसलेला आहे. तो फिरवला की माझं झाकण उघडतं आणि माझ्या पोटात निखारे भरता येतात. मी कोळशाची जुनी इस्त्री आहे. तुमच्या घरची विजेची इस्त्री हलकी असेल. मला उचलायला मात्र मनगटात जोर लागतो.

माझा जन्म नाशिकच्या भांडीबाजारातला. एका ओतारीकाकांनी मला साच्यात ओतलं, कानशीनं घासलं आणि लाकडी मूठ बसवली. तिथून मला धोंडीरामांनी नेलं. ते आणि त्यांच्या पत्नी लंकाबाई तेव्हा नुकतेच नांदगावहून नाशिक रोडला आले होते. एका सोसायटीच्या फाटकाजवळ पत्र्याची टपरी टाकून त्यांनी माझ्या भरवशावर संसार मांडला.

धोंडीराम निखारे आधी टपरीबाहेर फुलवत. ठिणग्या उडायच्या थांबल्या की मगच ते माझ्या पोटात घालत. पहिला हात नेहमी ओल्या फडक्यावर फिरवत आणि मग कपड्यावर. बावीस वर्षांत माझ्यामुळे कुणाच्या कपड्याला टाचणीएवढंही भोक पडलं नाही. तिसऱ्या मजल्यावर सावित्रीबाई राहतात. त्या निवृत्त शिक्षिका. "धोंडीरामची घडी म्हणजे कोऱ्या वहीचं पान," असं त्या म्हणत. ते ऐकून मला उगीचच जास्त ऊब चढायची.

धोंडीरामांचा मुलगा शेखर लहानपणी कपड्यांच्या गाठोड्यांवरच झोपायचा आणि सावित्रीबाईंकडे पाढे शिकायचा. आता तो एकवीस वर्षांचा आहे. त्यानं कॉलेज अर्धवट सोडलं, मग दोन नोकऱ्या सोडल्या. त्यानं दांडी मारली की मालकाला "पोरगं आजारी हाय" असा फोन धोंडीरामच करत.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. गिऱ्हाइकाचा कपडा आपल्या अंगाला लावायचा नाही. शेखरनं तो मोडला. पहिल्या मजल्यावरचा एक शर्ट घालून तो मित्राच्या साखरपुड्याला गेला आणि बाहीला सिगारेटचं भोक पाडून आला. धोंडीरामांनी तो शर्ट मान खाली घालून परत दिला. म्हणाले, "ठिणगी उडाली, साहेब. इस्त्री जुनी झाली."

तेव्हा त्यांचा हात माझ्याच मुठीवर होता.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या जाकिटाचं तेच झालं, आणि ठिणगीही तीच सांगितली. मग गाठोडी कमी होऊ लागली. लोक मला लांबूनच बघत पुढे जात. तिसरी पाळी आली सावित्रीबाईंच्या मुलाच्या नव्या शर्टाची.

"ही भंगारात घालू," धोंडीराम माझ्याकडे न बघता म्हणाले. "ग्यासची आणू. मग कुणाला बोलायला जागाच राहणार नाय."

"इस्त्री बदलून पोरगं बदलंल का वो?" लंकाबाईंनी विचारलं.

"अगं, लेकरू हाय आपलं."

"म्हणूनच म्हणते. राख घातली की निखारा विझत नाय, आतल्या आत जगतो. हे तुमीच मला शिकवलं. मग आपण दोघं काय करतोय? राखच घालतोय."

लंकाबाईंनी तो शर्ट कागदात गुंडाळला, पिशवीत घालून खिळ्याला टांगला आणि शेखर जेवायला आल्यावर त्याला सांगितलं, "हा शर्ट सावित्रीबाईंकडं तू न्यायचा. काय झालं ते तूच सांगायचं."

"अण्णा देतील ना नेहमीसारखा!" शेखर वडिलांकडं बोट करत म्हणाला. "तुम्हाला माझी इज्जत घालवायचीय का?"

"तुझी वाचवता वाचवता ह्या इस्त्रीची गेली, बाळा. भाकरी घे."

शेखर ताट सरकवून निघून गेला. तीन दिवस पिशवी तशीच होती. शेखर यायचा, जेवायचा आणि जायचा. लंकाबाई त्याला गरम भाकरीच वाढत. पण त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. एकाच कपड्यावर त्या तीनतीनदा पाणी शिंपडत. धोंडीरामांचा हात सारखा खिळ्याकडं जाई.

"मीच देऊन येतो गं. काय बिघडतंय?"

"हात काढा तो," लंकाबाई म्हणत. "मला काय सोपं जातंय व्हय?"

चौथ्या दिवशी सकाळी सावित्रीबाई स्वतःच खाली आल्या. "धोंडीराम, आमचा शर्ट झाला का?"

धोंडीरामांनी तोंड उघडलं. लंकाबाईंकडं पाहिलं आणि मिटलं. शेखर कोपऱ्यात चहा पीत होता. कप बाजूला ठेवून तो उठला आणि त्यानं पिशवी खाली काढली.

"टीचर, ठिणगी नव्हती. मी घातला होता. सिगारेटनं जळाला."

सावित्रीबाईंनी भोकात करंगळी घालून पाहिलं. "बावीस वर्षं एक ठिणगी नाही, आणि तीन महिन्यांत तीन? मी गणित शिकवायचे रे. माझ्या मुलाला फोन करून तूच सांग. आणि त्या दोन घरी कोण सांगणार?"

"सांगतो."

"पाढे पाठ करायला दिले की असंच म्हणायचास. 'करतो, टीचर.'"

लंकाबाई पदराआड हसल्या. डोळेही त्यांनी त्याच पदरानं पुसले.

शेखर त्या आठवड्यात पहिल्या मजल्यावर जाऊन आला. दुसऱ्या मजल्यावर तो अजून गेलेला नाही. मी खोटं सांगणार नाही, तो अजूनही उशिरा उठतो आणि उलट बोलतो. पण आईवडील आता त्याच्या वतीनं कुणाला फोन करत नाहीत. परवा पहिल्या मजल्यावरचं गाठोडं परत आलं. धोंडीरामांनी ओलं फडकं पसरलं, मला उचललं आणि हळूच म्हणाले, "चुकलं माझं, बाई." ते मला पहिल्यांदाच काही बोलले.

मित्रांनो, माझ्यातली राख रोज झाडत जा, मूठ पुसत जा. मी तुमच्या नातवंडांचेही कपडे सरळ करीन. फक्त तुमच्या हातून पडलेलं भोक माझ्या नावावर सांगू नका. मला तोंड नाही, माझ्या वतीनं दारोदार जाऊन सांगायला कुणीतरी लागतं. मी अजून दुसऱ्या मजल्याची वाट पाहते आहे.